छोटा ट्रॅक्टर, पाण्याची नळी आणि वीस खुंट्या

तासगाव तालुक्यात द्राक्षबागा आहेत म्हणजे छोटे ट्रॅक्टरही गल्लोगल्ली आहेत. आमच्या चुलत्यांकडे, म्हणजे तात्यांकडे, २४ हॉर्सपॉवरचा एक आहे. एरवी तो बागेत फवारणी करतो. गेल्या उन्हाळ्यात घर बांधायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, "तात्या, जागा आपणच लेव्हल करू. दोन दिवसांचं काम आहे." तात्या काही बोलले नाहीत. मोकळ्या प्लॉटवर उभे राहून त्यांनी तंबाखू मळली आणि विचारलं, "आरं, पाणी कुठनं येतंय आणि कुठं जातंय, ते बघितलंस का आधी?"

मी बघितलं नव्हतं. बहुतेक जण बघत नाहीत. लेव्हल म्हटलं की डोळ्यापुढे कॅरमबोर्ड येतो. पण घराभोवतीची जमीन खरोखर कॅरमबोर्डासारखी केली तर पहिल्याच वळवात पाणी जोत्याला चिकटून उभं राहतं, भिंतीत ओल चढते आणि वर्षभरात फरशी एका बाजूने खचायला लागते. घराखालचा तुकडा सपाट हवा आणि त्याच्या चारही बाजूंनी जमीन घरापासून दूर उतरती हवी. या उताराला आपल्याकडे ढाळ म्हणतात. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमावलीत याचा आकडाच दिलेला आहे : भिंतीपासून पहिल्या १० फुटांत किमान ६ इंच उतार. फरशी किंवा काँक्रीट असेल तर फुटाला पाव इंच पुरतो, कारण पाणी तिथे मुरत नाही, घरंगळून जातं. हे आकडे आपल्याकडेही बिनदिक्कत वापरावेत. पाऊस काही नियमावली वाचून पडत नाही.

तर पहिलं काम ट्रॅक्टरचं नाही, मोजणीचं. त्यासाठी लागते दहा-पंधरा मीटर पारदर्शक नळी, गवंडी वापरतात ती. नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांची पातळी एकच राहते, मधे नळी कशीही लोळो. एक टोक एका ठरलेल्या खुणेशी धरायचं, दुसरं टोक हव्या त्या ठिकाणी न्यायचं आणि जमिनीपासून पाणी किती उंचीवर थांबतं ते टेपने मोजायचं. जिथे आकडा मोठा तिथे जमीन खोल. ठरलेली खूण मात्र हलणारी नको. आम्ही रस्त्याकडेच्या कडुलिंबाच्या बुंध्यात खिळा मारला. कुणी शेजारच्या घराच्या जोत्यावर रंगाची रेघ मारतं. खुंटीला कधीही खूण मानू नये, ट्रॅक्टर तिला पहिल्याच तासात लोळवतो.

आमचा प्लॉट ६० बाय ८० फूट, म्हणजे साडेचार गुंठ्यांच्या जरा आत. दर २० फुटांवर एक याप्रमाणे चार ओळींत वीस खुंट्या ठोकल्या. मी एका टोकाला, पुतण्या दुसऱ्या टोकाला. पहिल्या फेरीत एका खुंटीचा आकडा शेजारच्यांपेक्षा तीन इंचांनी वेगळा आला, आणि तिथे तर जमीन डोळ्यांना सरळ दिसत होती. अर्धा तास डोकं खाजवल्यावर पुतण्याने नळी उन्हाकडे धरली : मधोमध बोटभर लांबीचा हवेचा बुडबुडा. नळीत बुडबुडा अडकला की दोन टोकांची पातळी खोटं बोलते. म्हणून पाणी एका टोकातून सावकाश, नळ न फुसफुसता भरायचं, आणि मोजणी सुरू करण्याआधी दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून पातळी एक आहे का ते बघायचं. दोन्ही टोकांवरचा अंगठा काढायला विसरलं तरी हीच फसगत होते. ऑटो लेव्हल, म्हणजे पातळी बघायची तिपाईवरची दुर्बीण, भाड्याने मिळत असेल आणि वापरणारा माणूस असेल तर काम तासाभरात होतं, पण एवढ्याशा जागेला नळी पुरते.

वीस आकडे कागदावर मांडल्यावर जागा पहिल्यांदा दिसली. पश्चिमेला रस्ता आणि त्यामागे माळ, पूर्वेला शेजाऱ्याचं शेत आणि पुढे ओढा. पश्चिमेकडून पूर्वेकडे ८० फुटांत २८ इंच उतार. नुसत्या नजरेला तो जेमतेम फूटभर वाटत होता.

आता माझा कागदी हिशोब बघा, कारण तो चुकला कुठे हे कळणं महत्त्वाचं आहे. घर ३० बाय ४०. भोवती पाच-पाच फूट धरले की सपाट तुकडा हवा ४० बाय ५० चा, २००० चौरस फुटांचा. लांबीच्या ५० फुटांत उतार साडेसतरा इंच. वरच्या अर्ध्यातलं कापायचं, खालच्या अर्ध्यात भरायचं. वरच्या कडेला पावणेनऊ इंच खोदाई, मध्याला शून्य, म्हणजे सरासरी सव्वाचार-साडेचार इंच. हजार चौरस फुटांना गुणलं की ३६५ घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे साडेतीन ब्रासच्या जरा वर. वरची माती खाली गेली, जागा सपाट झाली, बाहेरून एक घमेलंही आणायला नको. दोन दिवसांचं काम मी म्हणत होतो ते याच्या जोरावर.

तात्यांनी कागद बघितला आणि टिकाव घेऊन दोन खड्डे मारले. वरच्या अंगाला चार इंच काळी माती, मग मुरूम. खालच्या अंगाला आठ इंच काळी, मग मुरूम. "ह्यातली कंची माती भरणार हायस घराखाली?"

काळ्या मातीची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण महाराष्ट्रातल्या निम्म्या तडकलेल्या फरशांचं मूळ तिच्यात असावं असं मला वाटतं. दख्खनचा काळा बेसॉल्ट खडक झिजून ही माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. त्याचे कण म्हणजे पत्त्यांच्या कॅटासारखे अतिशय पातळ थर, आणि थरांच्या मधे पाणी शिरतं. पाणी शिरलं की कॅट फुगतो, उन्हाळ्यात पाणी गेलं की आक्रसतो. एप्रिलमध्ये रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. कापसाला आणि ज्वारीला ही माती सोन्यासारखी. घराखाली मात्र ती दरवर्षी श्वास घेते आणि सोडते, आणि वरची फरशी त्या श्वासाबरोबर वरखाली होते. त्यामुळे काळी माती घराखालून काढायची, भरावात तर अजिबात घालायची नाही. मुळं, गवत, पालापाचोळा असलेल्या कुठल्याही मातीला हाच नियम, ती कुजून खाली पोकळी राहते.

झालं. २००० चौरस फुटांतून सरासरी ६ इंच काळी काढायची म्हणजे १० ब्रास. खोदलेली माती मोकळी होऊन पाव पटीने तरी फुगते, म्हणून ढीग दिसतो बारा-साडेबारा ब्रासचा. हा ढीग आम्ही ईशान्येच्या कोपऱ्यात लावला. आता तिथे शेवगा आणि लिंबोणी आहे. पण काळी काढल्यावर जागा सहा इंच खाली गेली आणि आम्हाला तर ती मूळ मध्यापेक्षा सहा इंच वर हवी होती, रस्त्याकडचं पाणी ध्यानात घेऊन. म्हणजे सरासरी एक फूट भराव, दबलेला २० ब्रास. मोकळा मुरूम आणायचा तर २५ ब्रास. ट्रॉलीला एक ब्रास धरला तर साडेतीन ब्रासांचं काम २५ ट्रॉल्यांवर गेलं.

इथे एक कागदपत्री गोष्ट. मुरूम हे गौण खनिज आहे. बाहेरून आणलेल्या मुरमाची स्वामित्वधनाची, म्हणजे सरकारला भरलेल्या रॉयल्टीची, पावती आणि वाहतुकीचा पास पुरवणाऱ्याकडून मागून घ्यावा, नाहीतर ट्रॉली रस्त्यात अडली की भांडण आपल्या दारात येतं. स्वतःच्याच प्लॉटमध्ये पाया खोदताना निघालेली माती तिथेच वापरली तर काय, यावर पुण्यातल्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली निकाल दिला : अशा मातीवर सरसकट स्वामित्वधन लावता येत नाही, ती कशासाठी वापरली हे बघावं लागतं. तरीही तहसीलमध्ये आधी विचारलेलं बरं.

आता ट्रॅक्टर. पहिला भ्रम हॉर्सपॉवरचा. माती ओढताना इंजिन कधी कमी पडत नाही, चाकं फिरतात. ट्रॅक्टर किती ओढेल हे त्याच्या वजनावर आणि चाकाखालच्या जमिनीवर ठरतं. बऱ्यापैकी घट्ट जमिनीवर तो आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास ओढतो, भुसभुशीत जागी त्याहून कमी. छोटा ट्रॅक्टर टनभराचा, म्हणजे लेव्हलरपुढे, मागे जोडलेल्या माती ओढायच्या पात्यापुढे, मातीचा डोंगर उभा राहिला की तो जागेवर चाकं गरगरवणार आणि तिथे दोन खड्डे पाडून ठेवणार. मागच्या टायरात पाणी भरलं की फरक पडतो. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर आणखी. पण खरा उपाय म्हणजे थोडं थोडं घेणं. माझं स्पष्ट मत : काळी माती काढायचं काम जेसीबीला द्यावं. तो दोन-तीन तासांत उरकतो, ट्रॅक्टरला तिथे चार दिवस झिजवण्यात काही शहाणपण नाही. छोट्या ट्रॅक्टरची जागा त्यानंतर : मुरूम पसरणं, थर एकसारखा करणं, ढाळ काढणं. इथे तो जेसीबीपेक्षा सरस, कारण हलका हात लागतो.

दुसरा भ्रम असा की लेव्हलर टेकवून ट्रॅक्टर चालवला की जमीन आपोआप सपाट होते. उलट होतं. अर्ध्या तासात जागेवर लाटा उठतात, समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूसारख्या. कारण साधं आहे. लेव्हलरचं पातं मागच्या चाकांच्याही मागे असतं आणि ट्रॅक्टर मागच्या आसावर तराजूसारखा डुलतो. पुढची चाकं दोन इंच उंचवट्यावर चढली की नाक वर, शेपूट खाली : पातं इंच-सव्वा इंच खाली जाऊन जमीन कुरतडतं. थोड्या वेळाने तोच उंचवटा मागच्या चाकांखाली येतो. आता पातं तीन इंचांहून जास्त वर उचललं जातं आणि पुढे साठलेली माती तिथेच सांडतं. एका उंचवट्याचा एक खड्डा आणि एक नवा मोठा उंचवटा झाला. पुढच्या फेरीत चाकं त्याच्यावर चढणार. तीच लाट पुन्हा, जरा मोठी.

मोडायची कशी? एकतर दिशा बदलायची. एक फेरी पूर्व-पश्चिम, दुसरी तिरकी, तिसरी आडवी. चाकं जुन्या लाटेवर तिरकी चढली की ट्रॅक्टर डुलतो कमी. दुसरं, कडक उंचवट्यावर पातं घासत बसायचं नाही. आधी कल्टिव्हेटरने तेवढा भाग उकरायचा, मग ओढायचा. तिसरं, सगळ्यात खालचा गिअर. आणि शेवटच्या हाताला लेव्हलर काढून एखादा जड, लांब रूळ किंवा लोखंडी गर्डर साखळीने ओढायचा. लांब वस्तू छोट्या खाचखळग्यांवर पूल बांधत जाते आणि उंचवटेच तेवढे खरवडते. बैलामागे जुने लोक केणी आणि मैंद ही जमीन सारखी करायची अवजारं ओढत, त्यातला मैंद हेच करायचा. साखळी मात्र खालच्या हुकालाच अडकवायची. मागच्या आसाच्या वर कुठेही बांधली आणि गर्डर अडला, तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटा येतो. सावरायला दोन सेकंदही मिळत नाहीत.

हायड्रॉलिकच्या दोन दांड्यांचा घोळ नव्या चालवणाऱ्यांना हमखास होतो. आज सगळ्या ट्रॅक्टरमागे दिसते ती तीन बिंदूंची जोडणी आणि तिच्या जोडीचं हायड्रॉलिक हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने १९२० च्या दशकात आकाराला आणलं, आणि १९३९ मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरबरोबर ते जगभर गेलं. त्याच्या डोक्यात नांगर होता. नांगर कडक जमिनीत अडला तर ओढ वाढते, ती ओळखून हायड्रॉलिक नांगर आपोआप थोडा उचलतं. हा ड्राफ्ट कंट्रोल. नांगराला उत्तम. लेव्हलरला मात्र घातक, कारण जिथे उंचवटा कडक आहे आणि कापायला हवा, नेमकं तिथेच पातं शहाण्यासारखं वर उचललं जातं. म्हणून लेव्हलिंग करताना पोझिशन कंट्रोलची दांडी : पातं ट्रॅक्टरच्या मानाने जिथे ठेवलं तिथे राहतं. आमच्याकडे पहिला अर्धा दिवस मी चुकीच्या दांडीवर घालवला आणि ट्रॅक्टरला शिव्या दिल्या. तात्या लिंबाखाली बसून बघत होते. त्यांनी सांगितलं नाही. दुपारच्या भाकरीला म्हणाले, "दुसरी दांडी कशाला दिलीय कंपनीनं, शोभेला व्हय?"

मुरमाची ट्रॉली आली की "टाक कुठंबी" म्हणायचं नाही. साडेसात इंचांचा मोकळा थर दबून सहा इंच होतो. एक ब्रास मुरूम साडेसात इंच जाडीने पसरला तर १६० चौरस फूट व्यापतो. म्हणून फक्कीने १० बाय १६ चे चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनात एक ट्रॉली. पसरायला ट्रॅक्टरला दहा फुटांपलीकडे माती न्यावी लागत नाही आणि थर आपोआप एकसारखा पडतो. सुरुवात सगळ्यात खालच्या कडेपासून, तिथे भराव जवळजवळ दोन फूट होता. चार आडवे थर एकावर एक. पहिला थर टाकण्याआधी खालची जमीन कल्टिव्हेटरने खरवडून घेतली. गुळगुळीत उतारावर भराव टाकला तर तो पाटावरच्या पिठासारखा घसरू शकतो.

दोन फूट मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर? वरचा वीतभर दबतो, खालचा तसाच पोकळ. सगळी ताकद वरच्या थरातच जिरते. आणि दाबताना ओल मोजूनमापून हवी. १९३३ साली लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यातल्या राल्फ प्रॉक्टर नावाच्या अभियंत्याने धरणांचे भराव दाबताना दाखवून दिलं की प्रत्येक मातीला तिची तिची एक ओल असते, त्या ओलीला ती सर्वांत घट्ट बसते. कोरडे कण एकमेकांवर अडतात, सरकत नाहीत. पाणी जास्त झालं तर कणांमधली जागा पाणीच अडवून बसतं, आणि पाणी काही दबत नाही. रस्त्यांच्या कामांत आजही प्रॉक्टर चाचणी घेतात. घराला प्रयोगशाळा नको. मूठभर मुरूम दाबून गोळा करा. गोळा झालाच नाही तर कोरडा. हाताला चिखल लागला तर ओला. गोळा नीट होतो आणि कमरेच्या उंचीवरून टाकला की दोन-चार तुकडे होतात, ती ओल बरोबर. आम्ही संध्याकाळी पाणी मारायचो आणि सकाळी दाबायचो, भाड्याच्या व्हायब्रेटिंग रोलरने. कडेला, जिथे रोलर जात नाही, तिथे हाताने धुम्मस. नुसती ट्रॅक्टरची चाकं फिरवून भागत नाही, ती दोन पट्टे दाबतात आणि मधला पट्टा सोडतात.

गावाकडे म्हणतात, भराव टाका आणि एक पावसाळा खाऊ द्या, आपोआप बसतो. थोडा बसतो, खरं आहे. पण कसाही बसतो, एका बाजूला चार इंच, दुसरीकडे एक. थरांनी दाबणं आणि नंतर पावसाळा मिळाला तर बोनस, असं धरावं. आणि घराचा पाया या भरावावर कधीच नाही. पाया भराव भेदून खालच्या कडक मुरमात उतरतो. भराव फक्त फरशीखाली आणि अंगणाखाली. यात तडजोड नाही, भराव कितीही दाबलेला असो.

राहिल्या दोन कडा. पूर्वेला भरावाची कड मूळ जमिनीपेक्षा सव्वा फूट वर आली. ती उभी ठेवली असती तर पहिल्या पावसात ढासळली असती. फुटाला दोन फूट या हिशोबाने अडीच फूट बाहेरपर्यंत तिला उतरता पदर काढला आणि त्यावर गवत लावलं. अशा कडेला ट्रॅक्टर समांतर चालवायचा नाही. चाक कडेला गेलं की भराव आतून सुटतो आणि ट्रॅक्टर आडवा होतो. कडेकडे तोंड करून जायचं आणि तसंच मागे यायचं.

पश्चिमेची कड फसवी. घराची जागा वर घेतली म्हणून आम्ही निर्धास्त होतो, पण तिथली मूळ जमीन भरावापेक्षा अजूनही तीन इंच वर होती. माळावरचं सगळं पाणी थेट घरावर आलं असतं. म्हणून वरच्या बाजूला उथळ, पसरट चर काढली, पातं तिरकं लावून दोन फेऱ्यांत झाली, आणि तिची दोन्ही तोंडं घराला वळसा घालून पूर्वेला नेली. तिथे शेजाऱ्याचं शेत. १८८२ च्या इझमेंट कायद्यानुसार वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिकपणे खाली वाहू द्यावंच लागतं, खालचा मालक ते अडवू शकत नाही. पण पसरून येणारं पाणी चरीत गोळा करून एका तोंडाने त्याच्या ज्वारीत सोडणं ही वेगळी गोष्ट. आम्ही शेजारच्या अण्णांना बोलावून, चहा पाजून, चर त्यांच्या बांधाकडेने ओढ्यापर्यंत नेली. अण्णा म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही सांगणारच न्हाई."

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस रात्री आला. बॅटरी आणि छत्री घेऊन मी आणि पुतण्या जागेवर गेलो. वरची चर भरून वाहत होती, दोन्ही वळणं धरून पाणी ओढ्याकडे पळत होतं. भरावावर कुठेही थांबलं नव्हतं, फक्त ईशान्येच्या अंगाला परातीएवढं एक डबकं. पुतण्याने त्यात काडी बुडवून बघितली, दोन इंच. तिथेच आमच्या ट्रॉल्या वळायच्या. सकाळी दोन घमेली मुरूम टाकला, धुम्मस मारली आणि नळी काढून पुन्हा मोजलं. बुडबुडा आहे का ते या वेळी आधी बघितलं.